धुणाऱ्या हाताचं माप

आमच्या डेअरीत लस्सी साठवायच्या टाक्यांचे नकाशे ताई काढायच्या. दुर्गाघाटाच्या गल्लीतल्याच, आमच्यासारख्याच इथं परप्रांतात स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणायचो. आल्या की ऑफिसात न येता थेट टाक्या धुणाऱ्या बाईकडे जायच्या, तिचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत टेपने मोजायच्या आणि वहीत लिहून घ्यायच्या.

"हिचा हात जिथं पोचत नाही ना भाऊ, तिथंच दही सडतं," त्या दमलेल्या आवाजात म्हणायच्या. हे किती जणांना सांगून झालं असेल, कोण जाणे.

नव्या टाकीला त्यांनी उतरता तळ आणि गोल कोपरे दिले होते. इतका पत्रा कशाला वाया घालवायचा, म्हणून मालकांनी नकाशा दोनदा परत पाठवला. दोन्ही वेळा तो निरोप मीच दिला. तिसऱ्यांदा त्या मालकांना हवा तसा सपाट तळाचा नकाशा घेऊन आल्या. टेबलावर पसरला, माझं पेन मागितलं आणि खालचं आपलं नाव खोडलं.

"घ्या, आता बनवा."

"ताई, चाय तरी घ्या."

"राहू द्या भाऊ."

टाकी आली. बाई आता कमरेपर्यंत आत वाकते आणि तळाशी साचलेलं पाणी फडक्याने टिपते. ताई कधीकधी घाटाच्या पायऱ्यांवर भेटतात.

"नीट साफ होते ना टाकी?" एवढंच विचारतात.

मी हो म्हणतो. त्या माझ्याकडे न बघता मान हलवतात आणि पायऱ्या चढू लागतात.