भरल्या ताटावरून

दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या वन बेडरूम फ्लॅटमध्ये बसून मी हजार वर्षांपूर्वीच्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांवर कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा बर्फाचा माझा अनुभव फ्रीजरपुरता होता. वातावरणनिर्मितीसाठी एसी सोळावर ठेवून मी शाल पांघरून बसायचे. नवरा बिचारा शिंकत ऑफिसला जायचा.

नायिकेवर लहानपणी घरातल्याच वडीलधाऱ्याने अत्याचार केलेला आणि आता ती कुऱ्हाडीने सूड घेणार, एवढं पक्कं होतं. पण तो दारात आला की माझी बाई त्याला पाय धुवायला पाणी द्यायची, मासे वाढायची, वर "अजून घ्या ना" म्हणून आग्रह! पाहुण्याला भरल्या ताटावरून उठवायचं नाही, हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं. अकरा वर्षांच्या लेकीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "आई, ही इज द व्हिलन! व्हाय इज शी फीडिंग हिम?" हिला आपले संस्कार कळायचे नाहीत, असं मनाशी म्हणत मी त्याला आणखी एक मासा वाढला.

तो म्हातारा मी कुठून आणला होता, ते मला ठाऊक होतं. लेकीच्याच वयाची असताना सख्ख्या काकांनी माझ्याशी नको ते केलं होतं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मोठे आहेत ते, गप्प बस." मी इतकी गुणी, की गप्प बसले ते बसलेच. शूर नायिका लिहायला अगदी लायक बाई!

मग काकाच व्हिजिट व्हिसावर आले. नवऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं; त्याने हौसेने त्यांना एअरपोर्टवरून घरी आणलं. आणि मी? मी श्रीखंड-पुरी केली. स्वतःचीच किळस येत होती, तरी हात वाढतच होते.

जेवता जेवता काकांनी लेकीचं मनगट धरलं. "ये गं, आजोबांच्या मांडीवर बस."

"आय ॲम फाइन हिअर," ती म्हणाली. त्यांनी हात सोडला नाही.

"काका, हात सोडा तिचा. उठा."

"अगं, जेवतोय ना मी!"

"जेवण खलास. उठा ताटावरून."

"अगं, काय बोलतेयस तू?" नवरा ओरडला. तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, तिथेच, काकांच्या समोर. आवाज चिरकत होता, नाक वाहत होतं, हातात श्रीखंडाचा डाव. काकांनी हातही न धुता चपला शोधल्या. नवऱ्याने त्यांची बॅग लिफ्टपाशी नेऊन ठेवली.

लेक माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आई, व्हेन यू वेअर इलेव्हन, हू टोल्ड हिम टु गेट अप?"

"कुणीच नाही," मी म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना.