दादाचं टोकन मी परत केलं

आता माझी अक्कल किती, हे तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू? आधी चहा प्या. ऐकल्यावर तो घशाखाली उतरणार नाही.

माझा दादा गेला, त्याला तीन महिने झाले. आम्ही पवनीचे विणकर. दादानं हौसेनं मोबाइलात काही टोकनं घेऊन ठेवली होती. नाणीच ती, फक्त हातात न येणारी. ती विकून वहिनीला स्वतःचा हातमाग घ्यायचा होता, कारण घरातला माग सूत देणाऱ्या मालकाचा, आणि मालक तो परत मागत होता. काम माझ्यावर आलं. का? दादाचा भाऊ म्हणून! आठवी नापास, पण भाऊ.

मदतीला अड्याळचा गोलू, दादाचा मित्र. म्हणाला, "हे टोकन ज्या चेनवर, म्हणजे ज्या हिशेबाच्या वहीत हाय, तिथं गिऱ्हाईक नाही. दुसऱ्या चेनवर न्या लागते."

"मंग ने ना! थांबला कायले?"

"अबे, एका चेनचं नाणं दुसऱ्या चेनवर जातच नाही. दोघांच्या वह्या अलग. आपण धान गोदामात ठेवून पावती घेतो, तसं हाय हे. खरं टोकन इकडं कुलपात पडते, तिकडं तेवढ्याच किमतीचं दुसरं बनते. ते पावतीसारखं. ते वापस देऊन जाळलं, तवाच इकडचं कुलूप उघडते."

मी मान डोलावली. मान डोलवायला शिक्षण लागत नाही.

गोलूनं बटण दाबलं. "तिकडचं भाडं तिकडच्याच नाण्यात लागते, म्हणून माह्याजवळचं थोडं टाकलं. माल यायले वेळ लागन. मी कोंढ्याले जाऊन येतो, तवर हात नको लावजो!"

तो गेला आणि थोड्या वेळात मोबाइल वाजला. बघतो तर दादाचं टोकन शून्य! त्याच्या जागी भलत्याच नावाचं काहीतरी. पाठवणारा कोण? एक लांबलचक नंबर. ना ओळख ना पाळख.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. सांगितलं त्यापेक्षा वेगळं सूत आलं, तर लडीची गाठ सोडायची नाही. ज्याच्याकडून आली, त्याला तशीच परत. सोडली की माल तुमचा! हे मला दादानंच शिकवलं होतं, कानाखाली दोन देऊन.

माझं डोकंच फिरलं. मेलेल्या माणसाचा माल बदलता? डोळे असे भरले की अक्षरं दिसेनात. सगळंच्या सगळं त्याच नंबरावर परत पाठवलं. मोबाइलनं दोनदा विचारलं, नक्की? मी दोनदा सांगितलं, नक्की! गोलूचं भाडंही त्यातच गेलं.

मग छाती फुगवून आत गेलो. "वहिनी, चुकीचा माल आला होता. वापस केला."

"बरं केलं, भाऊजी," ती म्हणाली. तीही विणकराचीच ना!

गोलू आला. "कोणाले पाठोलं?"

"जिथून आलं तिथंच."

"तिथं माणूस नाही बे! तो प्रोग्राम हाय. वापस द्यायचा रस्ताच अलग असते. असं फेकलेलं कोणालेच काढता येत नाही."

"मंग दादाचं खरं टोकन?"

"हाय ना. कुलपात. एकदम शाबूत."

"मंग काढ!"

"पावती जाळल्याशिवाय निघत नाही. अन् पावती तू विहिरीत टाकून आला."

त्यानं मोबाइलवर एक पान उघडून दाखवलं. त्यावर दादाचं टोकन साऱ्या जगाला दिसत होतं. हार घातलेल्या फोटोतल्या दादासारखं. दिसतं सगळं, हाताला काही लागत नाही.

वहिनीला मी जमिनीकडे बघत सांगितलं. तिनं मागावरचा तुटलेला धागा जोडला. मग म्हणाली, "तुमच्या दादानं चोरापासून जपलं होतं. तुमी आपल्यापासूनच जपलं."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, खरं सांगतो!

माग गेला. आता वहिनी मालकाच्या शेडमध्ये जाऊन विणते, आणि मी तिच्या बाजूला बसून कांड्या भरतो. दिवसभर सूत गुंडाळायचं, बस्स. एकदा धीर करून विचारलं, "वहिनी, मले हे कांड्यांचंच काम काहून दिलं?"

तिनं मान वर न करता सांगितलं, "याले 'पाठवा'चं बटण नाही, भाऊजी."