दुर्बिणीतली चार घरं

१९५७ साल. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मद्रासेत माउंट रोडच्या मागच्या गल्लीत एका बंदुकांच्या दुकानात कामाला होतो. काम म्हणजे मागच्या खोलीत बसून बंदुकांच्या नळ्यांना तेल लावायचं. पुढे काउंटर होतं, पंखा होता, पंख्याखाली खुर्ची होती. आधीचा विक्रेता रेल्वेत लागल्यापासून ती रिकामी होती. माझी शाळा तिसरीपर्यंत. पण खुर्चीवर बसायला तिसरीच्या वर काय लागतं, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

दुकानाचा मालक, आमचा मुदलाळी, तमिळ माणूस. आम्हां तंजावरकडच्या मराठी लोकांना तिथे सगळे रायर म्हणत, तोही म्हणे. रायफलीवर बसवायची एक जर्मन दुर्बीण त्याच्याकडे कधीची पडून होती.

"रायरे, ही खपव," तो म्हणाला. "खपली तर खुर्ची तुझी. नाहीतर तेल आहेच."

त्या दुर्बिणीच्या काचेत एक उभी नि एक आडवी रेघ होती, मधे त्यांची फुली, आणि उभ्या रेघेवर बारीक खुणा. दोन खुणांमधल्या जागेला मी घर म्हणत असे. शंभर यार्डांवर एका घरात सहा इंच मावत. म्हणजे तीन फुटी वस्तू तिथे सहा घरं भरणार. तीच वस्तू चारच घरं भरली, तर ती दीडशे यार्डांवर. लांब गेलेली वस्तू लहान दिसते, यात मोठी विद्या नाही. अंतर कळलं की गोळी तिथवर किती खाली येणार ते कळतं, आणि फुलीऐवजी तेवढी खालची खूण निशाण्यावर ठेवायची. आमच्या टू-टू, म्हणजे बारीक गोळीच्या, रायफलीला दीडशेला फुलीखालची दुसरी खूण लागे. हे मला कुणी शिकवलं नाही. एन्नोरला खाडीजवळ मुदलाळीची मोकळी जागा होती, तिथे रविवारी जाऊन मी स्वतः शिकलो. गोळ्या मुदलाळीच्या होत्या.

एक गिऱ्हाईक आलं. कोवलमकडचा जमीनवाला. कोल्हे त्याची कलिंगडं फोडत होते. मी त्याला दुर्बीण दाखवली आणि घरं मोजून अंतर कसं काढायचं ते सांगितलं.

"रायरे, शेतात टेप कोण धरणार? कोल्हा?" तो म्हणाला. "उभ्या जागेवरून अंतर काढायचं आणि पहिल्या गोळीत नारळ फोडायचा. फुटला तर घेतो दुर्बीण."

मी कबूल झालो. फक्त समोर एखादी माहीत असलेल्या उंचीची वस्तू हवी, असं सांगितलं. दुकानात तेव्हा एक आसारी, म्हणजे सुतार, फळ्या ठोकत होता. त्याला म्हटलं, लाकडाची चौकट कर, बरोब्बर तीन फूट उंच. त्यानं मान हलवली.

रविवारी आम्ही चौघं एन्नोरला गेलो. गिऱ्हाईकानं बोट दाखवलं तिथे, वाळूच्या टेकाडासमोर, आसारीनं चौकट रोवली, मधे सोललेला नारळ टांगला आणि परत आला. मी पालथा पडून दुर्बिणीतून पाहिलं. चौकट खालपासून वरपर्यंत चार घरं. एका केसाचाही फरक नाही.

"दीडशे," मी म्हणालो. दुसरी खूण नारळावर ठेवली आणि चाप ओढला.

नारळाच्या वर वाळू उडाली.

"कोल्हा हसला, रायरे," गिऱ्हाईक म्हणालं.

"गोळी बरोबर गेली," मी म्हणालो. "चौकट खोटी आहे."

"ऐयो, आता चौकटीवर!" मुदलाळीनं कपाळावर हात मारला.

मी सगळ्यांना चालवत तिथवर नेलं आणि आसारीचीच पट्टी चौकटीला लावली. तेहेतीस इंच.

"तुला तीन फूट सांगितलं होतं ना?"

"सांगितलंत. पण तीन फूट चौकटीला चालत नाही, सामी. घरचा कर्ता जातो. मी तीन इंच उतरवले."

"हे काय घराचं दार आहे?"

"चौकट ती चौकट."

"आणि इथला कर्ता कोण? नारळ?"

"तुम्ही. तुमच्याच नावानं केली मी."

तेवढ्यात गिऱ्हाईकानं आसारीला बाजूला घेतलं. त्याचं एग्मोरला घर बांधून होत होतं आणि पुढच्या दाराची चौकट अजून बसायची होती. "इंजिनीयर नुसतं माप सांगतो हो," तो म्हणाला, "माणूस जगेल की नाही ते सांगत नाही." दोघं बोलत बोलत आमच्या जागेकडे परत आले आणि ताडाच्या सावलीत, टेकाडाकडे पाठ करून बसले.

मी पुन्हा पालथा पडलो. चौकट बारावा हिस्सा कमी, तर अंतरही बारावा हिस्सा कमी. दीडशेतून साडेबारा गेले. आता दुसरी खूण नको, पहिल्या नि दुसऱ्या खुणेच्या मधोमध. चाप ओढला. नारळ फुटला, पाणी वाळूवर सांडलं.

"काय फुटलं?" गिऱ्हाईकानं न वळता विचारलं.

"नारळ."

"शुभ," तो म्हणाला आणि आसारीला उंबऱ्याचं लाकूड कोणतं घ्यावं ते विचारू लागला.

परत जाताना आसारी गिऱ्हाईकाच्या मोटारीत पुढे बसला. आमच्या मोटारीत मागच्या सीटवर दुर्बीण होती आणि तिच्याशेजारी मी.

"मुदलाळी, फुटला की नाही?" मी विचारलं.

"दुसऱ्या गोळीला फुटला. बोली पहिलीची होती."

"पहिली तीन फुटांना बरोबर होती."

"मग तीन फुटांनाच वीक," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच मी आत गेलो, काउंटरची खुर्ची पुसली, पंखा लावला आणि बसलो. तेलाची बाटली तिथेच आणून ठेवली. नळ्या काय, पंख्याखालीही पुसता येतात.