कसं केलंस, दाखव ना!

लक्ष्मीबाई नगरच्या गणेशोत्सवात खो-खोच्या पंच म्हणजे लतिका साठे. नवरा केंद्र सरकारात अधिकारी आणि बाई शाळेत असताना सांगलीकडची मैदानं गाजवलेल्या. गणपतीसमोर खोटं बोलू नये म्हणतात. इथलं मैदान मंडपाच्या मागे होतं, म्हणून बहुधा चालत असावं. पण कुणी लबाडी केली तरी बाई रागवायच्या नाहीत. सामना संपला की त्या पोराला भेळ देऊन विचारायच्या, "कसं केलंस, दाखव ना!" पोरंही पोपटासारखी बोलायची.

एकानं दाखवलं, की पळणाऱ्याला हात लागला नाही तरी त्याच क्षणी आपल्याच मांडीवर थाप मारायची आणि हात वर करून ओरडायचं. आवाज ऐकून पंच फसतो. बाईंना याचं इतकं नवल वाटलं, की पोळ्या लाटता लाटता त्यांनी तो प्रयोग लेकीला, सुकन्याला, करून दाखवला. दोघी पोट धरून हसल्या.

यंदा अंतिम सामना कँटोन्मेंटच्या मुलींशी होता. या फौजींच्या लेकींची एक रीत. हात लागला की शिट्टीची वाट न बघता आपणच मैदान सोडायचं. सुकन्या लक्ष्मीबाई नगरकडून खेळत होती, तरी पंच बदला असं कुणी म्हटलं नाही. बाईंवर विश्वासच तेवढा. शेवटी कँटोन्मेंटची वैभवी एकटी उरली. ती वेळ संपेपर्यंत टिकली तर त्यांची ढाल. सुकन्यानं झेप घेतली, सणसणीत आवाज झाला, तिचा हात वर गेला आणि बाईंनी शिट्टी फुंकली.

वैभवी जागची हलली नाही. "काकू, सच में, लागलाच नाही मला."

बाईंनी लेकीकडे वळून पाहिलं. सुकन्याच्या मांडीवर लाल वळ उठला होता.

"सुकन्या, हात लागला होता?"

"आई, यार, सगळ्यांसमोर काय विचारतेस?" ती पुटपुटली. "तूच तर शिकवलंस."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी निर्णय फिरवला. वेळ संपली, कँटोन्मेंट जिंकलं, सुकन्या रडत घरी निघून गेली. बाईंना लेकीपेक्षा स्वतःचाच राग येत होता.

ढाल घेऊन वैभवी धावत आली. आभार मानायला आली असेल, असं बाईंना वाटलं.

"थँक यू काकू," ती हळूच म्हणाली. "पण सुकन्यानं तो आवाज कसा काढला? मला शिकवाल, प्लीज?"