रंग मीच बघणार

पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी तिसऱ्यांदा आरसा हातात घेतला, वरचा ओठ बोटाने उचलला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हा अजून मेल्यासारखाच दिसतोय."

पोहण्याच्या टाकीच्या काठावर पाय घसरून बाई पडल्या होत्या आणि समोरचा निम्मा दात फरशीवर राहिला होता. उरलेल्या अर्ध्यावर कॅप बसवायची होती. कॅप बसत होती झकास, हिरडीला घट्ट चिकटून. पण आजूबाजूचे दात सायीसारखे पिवळसर आणि मध्ये हा एक राखेत लोळवून काढल्यासारखा करडा. बाई मूळच्या खळखळून हसणाऱ्या. हल्ली बोलतानासुद्धा तोंडावर हात यायचा.

"तुम्ही फार बारीक बघता, बाई," मोठे डॉक्टर म्हणाले. "लोक तोंडाकडे बघतात, एकेका दाताकडे नाही."

पलीकडच्या खुर्चीवर त्यांची सून एका आजोबांची दाढ भरत होती. तीही दातांचीच डॉक्टर. लग्न झाल्यापासून सासऱ्यांच्याच दवाखान्यात होती. सासऱ्यांचा हात हलका, दाढ काढली तरी पेशंटला पत्ता लागायचा नाही, आणि ते कौतुक तिलाही मनापासून होतं. दवाखान्यातली सगळी कामं त्यांनी तिला एकेक करून सोपवली होती. एक सोडून. समोरच्या दाताची कॅप करायची असली की रंगांची पट्टी कपाटातून ते स्वतः काढायचे. चिनी मातीच्या छोट्या दातांची ती पट्टी पेशंटच्या दाताशी धरून जुळणारा रंग निवडायचा आणि लॅबला कळवायचा. "रंग मीच बघणार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तिला वाटायचं, असतो एखाद्याला एखाद्या कामाचा अभिमान.

बाईंच्या तक्रारीवर त्यांनी लॅबवाल्या मामांनाच बोलावून घेतलं. कॅप बनवणारे हे मामा दवाखाना उघडला तेव्हापासूनचे. लॅब दोन गल्ल्या सोडून होती, ते लगेच आले. बाहेरच्या बाकावर पेशंट बसलेले, दार सताड उघडं.

"डोळे फुटले का तुमचे?" मोठे डॉक्टर ओरडले. "तीनदा करून आणता आणि तीनदा वाट लावता! माझ्या नावाला बट्टा लावायला बसलाय का?"

मामा म्हणाले, "साहेब, तुम्ही कळवला तोच रंग आहे. पट्टी लावून बघा."

"उलट बोलता? वय झालं तुमचं. उद्यापासून नका येऊ."

मामांनी पिशवी काखोटीला मारली. जाताना दाराशी एकदाच वळून बघितलं, साहेबांकडे नाही, सुनेकडे. तिने मान खाली घातली. आपण काहीच का बोललो नाही, याची चीड तिला पुढे कितीतरी दिवस येत राहिली.

मग लगेच नव्या लॅबसाठी रंग पुन्हा बघायचा होता. मदतनीस मुलगी सुट्टीवर, म्हणून सासऱ्यांनी दिवा धरायला सुनेला बोलावलं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्या खुर्चीशेजारी उभी राहिली. त्यांनी पट्टीतला एक दात बाईंच्या दाताशी धरला. तो तंतोतंत जुळत होता. "हाच," असं तिच्या ओठावर आलं, तेवढ्यात त्यांनी तो बाजूला सारला, दुसरा उचलला आणि समाधानाने म्हणाले, "हुबेहूब!"

तो दुसरा करडा होता. तिसऱ्यांदा आला होता ना, तसाच.

आधी तिला वाटलं, दिव्याचा उजेड चुकतोय. तिने दिवा विझवला, खिडकीचा पडदा बाजूला सारला, बाईंना ओठांचा रंग पुसायला आणि दात जिभेने ओले करायला सांगितलं, कारण सुकलेला दात आहे त्याहून पांढरा दिसतो. मग ते दोन्ही नमुने शेजारी शेजारी धरून हळूच विचारलं, "बाबा, या दोघांत तुम्हाला फरक काय दिसतो?"

"फरक कसला? दोन्ही एकच." एवढं बोलून ते थबकले. पट्टी तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली. "तू इथे मला शिकवायला आलीस का?"

मग तिला सगळंच आठवायला लागलं. मागे एका पेशंटने कॅप काढून टेबलावर आपटली होती. एका नवऱ्या मुलीची आई दवाखान्यात रडली होती. प्रत्येक वेळी शिव्या मामांना. प्रत्येक वेळी पेशंटला सांगायचं, तुम्हाला सवय नाही, तुमच्या घरचा आरसा वाईट, तुम्ही फार बारीक बघता.

ती घरी आली तेव्हा सासूबाई सासऱ्यांचे उद्याचे कपडे काढून ठेवत होत्या. शर्ट, त्यावर जाणारी पँट, मोज्यांची जोडी एकात एक गुंडाळलेली. सुनेने दार लोटून घेतलं आणि थेट विचारलं, "आई, बाबांना रंग कळत नाहीत का?"

सासूबाईंचा हात मोज्यांवरच राहिला. "हळू बोल."

"म्हणजे नाही कळत."

"लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं मला. टोमॅटो आणायला सांगितले तर पिशवीभर हिरवे कच्चे घेऊन आले. लाल आणि हिरवं, तपकिरी आणि करडं, सगळं त्यांना एकच वाटतं. जन्मापासून आहे तसं. पण बोलायचं नाही हां. फार लागतं त्यांना."

तेवढ्यात नवरा आत आला. तिने त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. "तुलाही माहीत होतं?"

"घरातली गोष्ट आहे गं," तो म्हणाला. "त्यात काय एवढं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काहीच नाही त्यात! पुष्कळ पुरुषांना असतं. 'जरा रंग बघ गं' एवढं मला सांगितलं असतं तर मिनिटाचं काम होतं. डोळ्यांचा काय दोष? पण मामांना हाकलून दिलंय आज! पेशंटना वेड्यात काढतो आपण, त्यांच्या स्वतःच्या तोंडाबद्दल! आणि तुम्ही दोघं मोज्यांच्या जोड्या लावत बसलाय!"

"बाहेर आवाज जातोय," नवरा म्हणाला.

"जाऊ दे!"

आवाज गेलाच होता. सासरे बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ते पेपराच्या मागूनच म्हणाले, "दवाखाना माझा आहे."

"पेशंटचा दात पेशंटचा आहे, बाबा. ज्या कॅपचा रंग मी बघितला नाही, ती आता आपल्या दवाखान्यातून जाणार नाही."

पेपर खाली आला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पोहायला शिकवणाऱ्या बाईंना आपल्या खुर्चीवर घेतलं. खिडकीच्या उजेडात, फार वेळ टक लावून न बघता, मध्ये मध्ये करड्या कापडाकडे बघून डोळ्यांना विसावा देत तिने रंग निवडला. मग म्हणाली, "बाई, तुमचं बरोबर होतं. रंग आमच्याकडून चुकला होता. तिन्ही वेळा. लॅबची काही चूक नव्हती."

बाईंचा आवाज चढला. "म्हणजे मी वेडी नव्हते! माझी पोरं म्हणायला लागली होती, आई, तुला भ्रम होतोय!" त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्या रडत नव्हत्या, चिडल्या होत्या. सुनेला त्यांचा राग फार आवडला.

पलीकडे सासऱ्यांनी सगळं ऐकलं. महिनाभर ते तिच्याशी बोलले नाहीत. निरोप मदतनीस मुलीमार्फत यायचे, दोन खुर्च्यांमध्ये चार हातांचं अंतर असताना.

रंग निवडला त्याच संध्याकाळी ती मामांकडे गेली होती. लॅबमध्ये भट्टी तापलेली होती, मामा ब्रशने एका दातावर लेप चढवत होते. तिने माफी मागितली. ते काम न थांबवता म्हणाले, "तुम्ही कशाला मागता, ताई? शिव्या तुम्ही घातल्या का? ज्यांनी घातल्या त्यांनी यावं. दार उघडंच असतं." बाईंची कॅप मात्र त्यांनी करून दिली. "पेशंटने काय बिघडवलंय?" म्हणाले. दात असा जुळला की बाईंना स्वतःलाच कुठला ते शोधावं लागलं.

घरात कोंडी फोडली ती सासूबाईंनी. एका सकाळी त्यांनी कपडे काढून ठेवलेच नाहीत. "तुमचे तुम्ही घ्या," म्हणाल्या. "मी थकले आता." सासरे एक हिरवा आणि एक तपकिरी मोजा घालून दवाखान्यात गेले. दिवसभर कुणी काही बोललं नाही, पण संध्याकाळी बूट काढताना बायकोची नजर मोज्यांवर खिळलेली त्यांना दिसली. त्यांनी दोन्ही मोजे काढून बुटांत कोंबले. दुसऱ्या दिवशी एक समोरच्या दाताचा पेशंट आला, तेव्हा त्यांनी रंगांची पट्टी सुनेच्या टेबलावर आणून ठेवली आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "तू बघ."

बस, एवढंच. पण गावभर बोलबाला झाला. सुनेच्या हाताखाली मोठे डॉक्टर उभे राहतात, केवढं मोठं मन! पेशंट तिला तोंडावर सांगायचे, "नशीबवान आहात, असे सासरे मिळाले." नवऱ्यालाही वाटलं, झालं, मिटलं.

तिचं मिटलं नाही. मामा त्या दवाखान्याच्या पायरीवर पुन्हा चढले नाहीत. ते ओरडणं बाकावरच्या सगळ्या पेशंटनी ऐकलं होतं, चूक कुणाची होती ते मात्र एकट्या बाईंनाच कळलं. म्हणून कुणी मोठ्या मनाचं कौतुक केलं की ती हातमोजे ओढता ओढता सासऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारते, "बाबा, मामांकडे कधी जाताय?"

"बघू," ते म्हणतात.

ती दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.