आत्याबाई आणि लाल दिवा

यंत्राला घाबरणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली, पण यंत्रानंच ज्याला घाबरावं असं माणूस एकच पाहिलं, आणि ते नेमकं माझ्या बायकोची आत्या निघालं. हे लग्नाआधी कळलं असतं तरी मी लग्न केलंच असतं, कारण आत्याबाईंच्या हातचं पिठलं मी साखरपुड्यालाच खाल्लं होतं. नाशिकच्या ज्या शाळेत मी भूगोल शिकवतो, त्या शाळेचं जेवणघर आत्याबाई चालवत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथं लागलो तेव्हा त्यांची चूल तिथं आधीच स्थिरावलेली होती. नोकरी मला माझ्या गुणांवर मिळाली असं माझं मत आहे. आत्याबाईंचं मत वेगळं होतं, आणि ते त्या जेवणाच्या रांगेतल्या प्रत्येक वर्गाला भाजीबरोबर वाढत.

त्या मला 'सर' कधीच म्हणाल्या नाहीत. जावई म्हणजे जावई, मग तो फळ्यापुढे उभा असो की बोहल्यावर. एकदा शिक्षण खात्याचे अधिकारी तपासणीला आले होते, शेवटच्या बाकावर बसून वहीत काहीतरी टिपत होते, आणि मी घसा ताणून मोसमी वाऱ्यांची दिशा समजावत होतो. एवढ्यात दारात आत्याबाई. एका हातात झारा, पदर खोचलेला. "जावईबापू, गिलक्याची भजी गार व्हाया लागली. वारं मंग दाखवा." अधिकारी हसले, वर्ग हसला, मी तेवढा राहिलो. त्या दिवसापासून मी साऱ्या शाळेचा जावईबापू झालो. आजही कॉलेज रोडवर एखादा टक्कल पडलेला गृहस्थ स्कूटर थांबवून "जावईबापू सर!" अशी हाक मारतो आणि शेजारून जाणारी माणसं माझ्याकडे पाहतात.

आत्याबाईंचं माहेर नाशिकला लागून असलेल्या मखमलाबादचं, भाजीपाल्याचं आणि शेवंतीचं. भावांच्या मळ्यात जे निघेल ते शाळेत शिजे. "आज काय आहे?" असं विचारणाऱ्याला "जे उगवलं ते" एवढंच उत्तर मिळे. थंडीत मेथी, मग वाल, मग वांगी, आणि एकदा पावसाळ्यात सलग अठरा दिवस गिलकी. एकोणिसाव्या दिवशी एका मुलाची आई तणतणत तक्रार घेऊन आली. आत्याबाईंनी तिचं एक अक्षर ऐकून न घेता तिला पाटावर बसवलं आणि जेवायला वाढलं. तासाभरानं ती बाई गेली ती पिशवीत दोन किलो गिलकी घेऊन, आणि विकत घेऊन. लोक आत्याबाईंना भांडकुदळ म्हणत. म्हणोत बापडे. भांडून जेवू घालणारी माणसं मला गोड बोलून ताटावरून उठवणाऱ्यांपेक्षा कधीही चालतील.

त्यांचा एक कायदा होता आणि तो शाळेच्या घंटेपेक्षा जुना होता. आधी जेवायचं, पैसे नंतर. मुलानं जेवावं, नळावर थाळी विसळावी, हात पुसावा आणि नळाशेजारी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात पैसे टाकावेत. डब्याकडे त्या पाहतसुद्धा नसत. "भुकेल्या मान्साला पैसे मागू नये, जावईबापू. तो खोटं बोलतो. जेवलेला मानूस खरं बोलतो," असं त्यांचं शास्त्र होतं. फसवणारी मुलंही होती. दहावीच्या एका वस्तादानं एकदा नाण्याऐवजी पँटचं बटण टाकलं. संध्याकाळी डबा मोजताना आत्याबाईंना ते सापडलं, आणि कुणाच्या पँटचं बटण तुटलंय हे त्यांनी हेरलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या थाळीत लोणच्याशेजारी ते बटण धुऊनपुसून वाढलेलं होतं. तो मुलगा पुढे बँकेत अधिकारी झाला.

फक्त दिवसाचं पहिलं नाणं त्या स्वतःच्या हातात घेत. पहिली विक्री, म्हणजे बाजाराच्या भाषेत भवानी, ती कपाळाला लावल्याशिवाय दिवस सुरू होत नाही हे मळेवाल्यांच्या घरात रांगायच्या आधी शिकवतात.

या सगळ्यावर दोन हजार सालानंतर कधीतरी कार्ड आलं. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी कुठंतरी एक झगमगीत शाळा पाहिली होती. तिथं म्हणे मुलं जेवणासाठी पैसे आणतच नाहीत. प्रत्येकाला फोटोचं कार्ड, पालकांनी त्यात आधी पैसे भरायचे, मुलानं यंत्रात कार्ड सरकवायचं, हिरवा दिवा लागला की थाळी उचलायची. मुलांच्या खिशात चिल्लर नको, पोरानं वडापाव खाल्ला की वरणभात हे आईला घरी कळावं. योजना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. शाळेत संगणकाचा वर्ग केलेला शिक्षक मी एकटाच, त्यामुळे मधल्या सुट्टीत रांगेच्या तोंडाशी टेबल टाकून त्या यंत्रामागे बसण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्या दिवशी पहिल्या मुलीनं कार्ड सरकवलं, हिरवा दिवा लागला, आणि आत्याबाई हात पुढे करून उभ्याच. मी समजावलं की पैसे हातात येणार नाहीत, परस्पर बँकेत जातील. "मंग मी कपाळाला काय लावू? तुमची बँक?" असं म्हणून त्यांनी त्या मुलीचं कार्डच घेतलं, डोळे मिटले, आणि कपाळाला टेकवलं. आत्याबाईंचं कुंकू आठ आण्याच्या नाण्याएवढं, आणि ओलं. ते कार्ड यंत्र पुढचे दोन दिवस ओळखेना. त्यानंतर रोज माझ्या खिशात कापूस आणि स्पिरिटची बाटली असे, आणि रोज पहिलं कार्ड मी कुंकू पुसून परत देत असे.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एके दिवशी लाल दिवा लागला. पाचवीतली एक मुलगी होती, पंचवटीतल्या रिक्षावाल्याची. तिनं कार्ड सरकवलं तसं यंत्र कर्कश ओरडलं. सगळी रांग वळून पाहायला लागली. मुलीनं पुन्हा सरकवलं, यंत्र पुन्हा ओरडलं. आत्याबाईंचा डाव हवेतच थांबला.

"काय झालं?"

"शिल्लक नाही," मी म्हणालो.

"कशाची? वरनाची? पातेलं भरलेलं हाय की!"

मी नियम सांगायला तोंड उघडलं, पण तोवर थाळी भरली होती आणि मुलगी पाटावर बसलीही होती. ती मान खाली घालून जेवत होती. माझ्याकडे न पाहता आत्याबाई म्हणाल्या, "येवढी बोंब? लेकरानं काय दरोडा घातला का?" यंत्र मी लावलेलं होतं, आवाज कमी करायची सोय त्यात नव्हती, आणि लाल दिवे तर आता रोज लागणार होते. पैसे भरायला पालकांनी सकाळी दहा ते बारा कचेरीत यायचं होतं, आणि आमच्या निम्म्या पालकांच्या कमाईची वेळ नेमकी तीच. त्यातून लासलगावला कांद्याचा भाव पडला की आमच्याकडे रांगेत चार दिवे जास्त लागत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी यंत्राची पूजा मांडली. मला बरं वाटलं. म्हटलं, वितळली म्हातारी. "वैरी असला तरी दारात आलेलं हत्यार हाय," त्या म्हणाल्या, आणि मळ्यातल्या झेंडूची हातभर माळ त्यांनी यंत्राला घातली. हळद, कुंकू, अक्षता, सगळं त्या कार्डाच्या फटीतून भक्तिभावानं आत गेलं. नारळ फोडायचा मान जावयाचा. मी फोडला. पाणी कुठं जायचं तिथंच गेलं. यंत्रानं एक बारीक आवाज केला आणि ते शांत झालं. सुट्टीनंतर मुंबईहून दुरुस्तीवाला येईपर्यंतचे चार दिवस आमच्या जेवणघरात पुन्हा जुनं राज्य आलं. हे मुद्दाम केलं का, असं मी आत्याबाईंना पुढे अनेकदा विचारलं. "नारळ कोनी फोडला?" एवढंच त्या म्हणत. दुरुस्तीवाल्यानंही मला तेच विचारलं.

यंत्र परत आलं, आणि आत्याबाईंनी डाव बदलला. एक दिवस अंगावर ठेवणीतलं पातळ आणि नाकात नथ अशा त्या माझ्यापुढे येऊन बसल्या. "मला बी एक कार्ड काढून द्या. फोटूचं." कर्मचाऱ्यांना कार्ड द्यायची तरतूद होतीच. मी खुशीनं दिलं. त्यांनी त्यात स्वतःचे पैसे भरले, कार्डाला भोक पाडून ते दोऱ्यानं गळ्यात अडकवलं, आणि त्या डाव घेऊन माझ्या टेबलाला खेटून उभ्या राहिल्या. मुलाच्या कार्डाला लाल दिवा लागला की यंत्रानं ओरडायच्या आत आत्याबाईंचं कार्ड सर्रकन फिरे. हिरवा. "चल, उचल थाळी." मी बघत होतो आणि बघत नव्हतो. पालकांना जमलं की ते पैसे आणून देत, नाही जमलं तर एखाद्या मळेवाल्याच्या घरून मुळ्याची जुडी येई, आणि तीही पुन्हा शाळेतच शिजे.

चिल्लर कधी खोटं बोलत असे, पण यंत्राला पोटात काही ठेवता येत नाही. वर्षअखेरीस त्याच्यातून निघालेला कागद अध्यक्षांपुढे गेला आणि आम्हा दोघांना बोलावणं आलं.

"हे कार्ड तुमचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"फोटू माझाच हाय ना?"

"एकाच सोमवारी या कार्डावर त्रेचाळीस थाळ्या गेल्या आहेत."

"मंग? जेवले मी."

"त्रेचाळीस?"

"अंगानं दांडगी हाय मी. दिसत नाय?"

मला हसू आवरेना, पण अध्यक्षांना ते आवरलं. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त नियम आवडत. त्यांनी शांतपणे सांगितलं की एका कार्डावर दिवसाला एकच थाळी, आणि लाल दिवा लागला तर वाढायचं नाही. हे लिहून द्या आणि जेवणघर चालवा. आत्याबाईंनी गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "सायेब, मी वाढपी हाय. फाटकावरचा शिपाई नाय. पोराला 'हो मागं' म्हनायचं असंल तर दुसरी बाई बघा." मग दारातून वळून म्हणाल्या, "आन जावयाला बोलू नका. त्याला मशिनीतलं काय बी कळत नाय." माझी नोकरी वाचवायला आत्याबाई आयुष्यात पहिल्यांदा गंभीर चेहऱ्यानं खोटं बोलल्या, आणि मी ते खोटं गपगुमान पदरात घेतलं. याची लाज मला अजून वाटते.

एप्रिलमध्ये त्यांची पातेली टेम्पोत चढली. जूनपासून दुसरा ठेकेदार आला, स्वच्छ टोप्या घालून वाढणारी माणसं आली. जेवण बरं होतं. तक्रारी थांबल्या. लाल दिवेही आठवडाभरात कमी झाले, आणि अध्यक्षांनी माझं अभिनंदन केलं.

दिवाळीच्या फराळाला आम्ही मखमलाबादला गेलो. आत्याबाई ओट्यावर बसून शेवंतीचे हार ओवत होत्या, थोड्या वाळल्या होत्या. शाळेबद्दल त्या काही विचारणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण हार बाजूला ठेवून त्यांनी विचारलंच.

"लाल दिवा लागतो का अजून?"

"फारसा नाही. शिल्लक नसली तर मुलं रांगेतच येत नाहीत."

"मंग काय करत्यात?"

"वडाखाली बसतात. मी विचारतो ना, का रे, जेवत नाहीस? तर म्हणतात, सर, भूक नाही."

आत्याबाईंनी बाजूला ठेवलेला हार पुन्हा मांडीवर घेतला. सुई फुलात तशीच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"लेकरू भूक नाय म्हनतं," त्या हळूच म्हणाल्या, "आन तुम्ही ऐकून घेता?"

त्यांनी मला तोवर पुष्कळ बोल लावले होते, पण एवढ्या हळू आवाजात कधीच नाही. त्या रात्री मी जेवलो नाही, आणि मलाही भूक नाही असंच मी बायकोला सांगितलं.

शाळा उघडली त्या दिवशी मी कुणालाही न विचारता यंत्राचं टेबल उचललं आणि रांगेच्या तोंडापासून थेट नळापाशी नेऊन ठेवलं. वायर पुरेना, म्हणून मेन रोडवरच्या दुकानातून लांब वायर आणली. आता मूल आधी थाळी घेतं, जेवतं, विसळतं, आणि मग कार्ड सरकवतं. दिवा लाल लागला तर लागतो, ती थाळी मी वहीत मांडून ठेवतो आणि पालक जमेल तेव्हा पैसे भरतात. आवाज येऊ नये म्हणून यंत्राच्या पोटातली एक तार मी तोडली आहे, एवढं मला त्यातलं कळतं. पहिल्या दिवशी वडाखालच्या मुलांना मी हाताला धरून रांगेत उभं केलं. त्यात ती पंचवटीची मुलगी होती. तिनं आधी नळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोनदा भात मागून घेतला. अध्यक्षांनी मला बोलावलं, खूप बोलले. मी उभा राहिलो आणि टेबल तिथंच राहील असं सांगितलं. कुणास ठाऊक का, त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

आत्याबाईंना मी म्हटलं, एकदा येऊन बघा तरी. "बघते सवडीनं," त्या म्हणाल्या. शेवंतीचा हंगाम गेला, मग गुडघे धरले, मग श्वास. दोन वर्षांनी त्या गेल्या, शाळेत न येताच. टेबल पुढे घ्या, रांग आटोपशीर होईल, असं अजूनही दर जूनमध्ये कुणीतरी नवं माणूस सुचवतं. मी ऐकून घेत नाही. पण मधल्या सुट्टीत पोरं पोटभर जेवून कार्डं हलवत नळाकडे धावत येतात, तेव्हा वाटतं, एकदा, फक्त एकदा, त्यांनी हे उभं राहून बघायला हवं होतं.