पहिल्या वर्षाच्या चिठ्ठ्या

मला तिचा पहिला राग आला तो तिच्या वर्गातल्या हसण्यामुळे. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवता शिकवता माझी वीस वर्षं गेली, आणि माझ्या वर्गात कधी कोणी हसलं नाही. त्याचा मला अभिमानच होता. मी हिंदीतून सांगायची, मुलं उतरवून घ्यायची, तास संपायचा. पोरं घरी मराठी बोलतात, शाळा हिंदीत शिकतात आणि कॉलेजच्या वर्गात काहीच बोलत नाहीत. आमच्याकडे हे असंच चालत आलेलं.

पांढुर्णा जिल्हा झाल्यानंतर कॉलेजातले प्रवेश वाढले. पहिल्या वर्षाचे दोन वर्ग झाले आणि दुसऱ्या वर्गासाठी सौंसरहून ही आली. अतिथी विद्वान, म्हणजे कायम नसलेली, तासांपुरती नेमलेली शिक्षिका. माझ्या मुलीच्या वयाची. रोज बसने यायची, बसला उशीर झाला की ओढणी सावरत धावत वर्गात शिरायची. नव्याचे नऊ दिवस, असं मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

नऊ दिवस गेले, महिना गेला, हसणं काही थांबेना. एकदा मी व्हरांड्यात उभी राहून ऐकलं. ती साम्यावस्था शिकवत होती. तीच, जी मी चार ओळींच्या व्याख्येत उरकते.

"सौंसरच्या स्टँडवर पाच जण उतरले अन् पाच चढले, तं बसमधी माणसं किती?"

"तेवढीच, मॅडम."

"मंग बसमधी काईच नाही झालं का?"

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "झालं ना मॅडम. उतरणं-चढणं चालूच हाय, गर्दी तेवढीच राहिली."

"हेच होऊन राहिलं या बाटलीत, पाण्याची वाफ अन् वाफेचं पाणी," टेबलावरची बंद बाटली उचलत ती म्हणाली, आणि वर्ग हसला.

मी तिथून निघाले. खोटं कशाला सांगू, मुलांना समजतंय म्हणून मला आनंद वगैरे काही झाला नाही. इतकी सोपी गोष्ट वीस वर्षांत आपल्याला का सुचली नाही, या एकाच विचाराने मी दिवसभर जळत होते.

तास संपताना ती प्रत्येकाकडून एक चिठ्ठी घ्यायची. आज काय समजलं नाही, एवढंच त्यावर लिहायचं. दुसऱ्या दिवशी ती तिथूनच सुरुवात करायची. मला वाटलं, एवढंच ना? मीही चिठ्ठ्या सुरू केल्या. फक्त शिस्त हवी म्हणून वर रोल नंबर घालायला लावला. सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच वाक्य आलं: 'सब समझ में आ गया, मैडम.' मी तो गठ्ठा स्टाफरूमच्या टेबलावर मुद्दाम तिला दिसेल असा ठेवला.

तिने वरच्या दोन-चार वाचल्या. "मॅडम, रागावू नका, पण नंबर नका लिहायला लावू. नंबर असला का पोरं खरं लिहीत नाहीत. त्याईले वाटते, प्रॅक्टिकलचे मार्क तुमच्याच हातात हायेत."

बरोबर बोलली. म्हणून तर मी तिला माफ केलं नाही.

सहामाहीत तिचा वर्ग जवळजवळ सगळा पास झाला. माझ्या वर्गाच्या निकालाचा कागद मी नोटीस बोर्डावर दुसऱ्या कागदाखाली अर्धा झाकून लावला. तिने मार्क वाटले, असं म्हणायचीही सोय नव्हती. दोन्ही वर्गांचे पेपर मीच तपासले होते.

त्याच सुमारास प्राचार्यांनी कोणाकडे किती तास आहेत याचा तक्ता मागवला. नियम असा, की कायम शिक्षकाने तास स्वतः घेतो म्हटलं की अतिथी विद्वान बाहेर. मी अर्ज लिहिला: माझ्याकडे तास कमी आहेत, दोन्ही वर्ग एकत्र बसवून मीच शिकवीन. तिच्या घरात ती एकटीच कमावती आहे हे मला माहीत होतं. तरी सही केली, आणि त्या दिवशी जेवणही नीट गेलं.

अर्ज मंजूर झाला. तिच्या शेवटच्या दिवशी ती माझ्याजवळ आली. भांडायला आली असेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती.

"मॅडम, माह्या पोराईची साम्यावस्था झाली हाय," ती म्हणाली. "तुमच्या वर्गाची राहिली असन, तं बसपासून सुरू करजा." आणि घड्याळ बघत स्टँडकडे निघाली.

मी बसपासून सुरू केलं नाही. तिचं उष्टं उदाहरण मी कशाला घेऊ? दोन्ही वर्ग एकत्र बसले होते, त्यांना मी माझी चार ओळींची व्याख्या सांगितली. घंटा झाली. माझ्या वर्गातली मुलं वह्या मिटून निघून गेली. तिच्या वर्गातली मुलं मात्र थांबली, कागद फाडले, लिहिले आणि जाता जाता माझ्या टेबलावर ठेवून गेली. मी काही मागितलं नव्हतं.

रिकाम्या वर्गात बसून मी एकेक चिठ्ठी उघडली. बहुतेकांवर काही ना काही प्रश्न होता. एकीवर प्रश्न नव्हता. 'मॅडम, हे आम्हाले पहिले समजलं होतं. आज समजलं नाही.'

माझ्या अर्जाने तिचं काम गेलं होतं, आणि तरीही वर्ग माझा झाला नव्हता.